स्लॅश दाबा आणि बघा: माइनक्राफ्टमधल्या चॅट कमांड आणि लपवलेल्या गमती, अगदी नवीन लोकांसाठी

मे महिन्यात सोलापुरात दुपारी बारा ते पाच बाहेर पडायचं नावच काढायचं नाही. आमच्या जुळे सोलापूरच्या घरी तेव्हा मावसभाऊ, आतेबहीण, शेजारची दोन पोरं असे सात-आठ जण हॉलमध्ये कूलरसमोर जमतात आणि एकाच वायफायवर माइनक्राफ्ट सुरू होतं, कोणी मोबाईलवर, कोणी टॅबवर, मी लॅपटॉपवर. यंदा त्यात तिघंजण अगदीच नवीन होते, आणि पहिल्याच दिवशी एकाने विचारलं, "दादा, तू एका सेकंदात रात्रीची सकाळ कशी केलीस, आणि ती मेंढी रंग का बदलतीये?" त्याला तोंडी जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण हे प्रश्न प्रत्येक नवीन माणसाला पडतातच आणि उत्तरं मराठीत एका जागी सापडत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगतो. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे मराठीत लिहितोय, गेममध्ये मात्र त्या इंग्रजी अक्षरांतच टाकायच्या, आणि जिथे स्पेलिंगवर सगळं अवलंबून आहे तिथे एकेक अक्षर सोडवून सांगतो.

आधी तुमच्याकडे कुठला माइनक्राफ्ट आहे ते बघा

माइनक्राफ्ट दोन प्रकारचा असतो. मोबाईल, टॅब, एक्सबॉक्स, प्लेस्टेशन यांच्यावर असतो तो बेडरॉक, आणि फक्त कॉम्प्युटरवर चालतो तो जावा. विंडोजच्या लॅपटॉपवर दोन्ही चालतात. मोबाईलवाला आणि जावावाला एकमेकांच्या वर्ल्डमध्ये थेट येऊ शकत नाहीत, त्यामुळे आमच्याकडे पोरांसोबतचं वर्ल्ड बेडरॉकवर आहे आणि कॉलेजच्या मित्रांसोबत मी जावा खेळतो. यूट्यूबवर बघितलेली कमांड आपल्याकडे चालली नाही तर दहातल्या आठ वेळा कारण हेच असतं, तो माणूस जावावर होता आणि तुम्ही मोबाईलवर आहात.

बेडरॉकमध्ये सगळे एकाच वायफायवर किंवा एकाच्या हॉटस्पॉटवर असले की दुसऱ्याचं उघडं वर्ल्ड यादीत आपोआप दिसतं. फक्त सगळ्यांचं व्हर्जन सारखं पाहिजे, एकाने अपडेट केलं आणि दुसऱ्याने नाही केलं तर आत येता येत नाही, पहिल्या दिवशी आमचा अर्धा तास यातच गेला.

चॅट उघडणे, आणि विनापरवानगी चालणाऱ्या कमांड

कॉम्प्युटरवर टी दाबलं की चॅट उघडतं. त्याऐवजी थेट स्लॅशचं (/) बटण दाबलं तर स्लॅश आधीच टाकलेलं चॅट उघडतं, हे जास्त सोयीचं. मोबाईलवर स्क्रीनच्या वरच्या बाजूला मधोमध बोलण्याच्या फुग्याचं चित्र असतं, ते दाबायचं. स्लॅश लावला की गेम ती ओळ कमांड समजतो, नाही लावला तर ती ओळ साधा मेसेज म्हणून सगळ्यांना दिसते. हा एवढा फरक डोक्यात पक्का बसवा, पुढे पासवर्डची गोष्ट येणार आहे तेव्हा कळेल का ते.

काही कमांडना कोणाचीच परवानगी लागत नाही, कुठल्याही वर्ल्डमध्ये पाहुणा म्हणून गेलात तरी चालतात. स्लॅश हेल्प टाकलं की तुम्हाला काय काय वापरता येतं त्याची यादी येते. स्लॅश लिस्ट टाकलं की आत्ता वर्ल्डमध्ये कोण कोण आहे ते दिसतं. स्लॅश मी (एम-ई) आणि पुढे काहीही लिहिलं की फुलीसारख्या चिन्हापुढे तुमचं नाव आणि ते वाक्य येतं, नाटकातल्या सूचनेसारखं, म्हणजे "बंड्या भाकरी खातोय" असं. आणि सगळ्यात कामाची म्हणजे स्लॅश एमएसजी, मग त्या माणसाचं नाव, मग मेसेज. हा मेसेज फक्त त्या एकालाच दिसतो. एमएसजीऐवजी टेल लिहिलं तरी तेच, नुसतं डब्ल्यू लिहिलं तरी तेच. बेडरॉकमध्ये नावात मोकळी जागा असली तर नाव दुहेरी अवतरणचिन्हांत टाकावं लागतं, नाहीतर तो अर्धंच नाव धरतो आणि असा कोणी खेळाडू नाही म्हणतो.

अजून एक, कॉम्प्युटरवर अर्धी कमांड लिहून टॅब दाबा, पुढचा भाग गेम स्वतः सुचवतो. वरचा बाण दाबला की आधीची कमांड परत येते, सगळं पुन्हा टाईप करायला नको. जावामध्ये काही चुकलं तर लाल अक्षरांत ओळ येते आणि जिथे चुकलंय तिथे डावीकडे रोखलेला बाण आणि हिअर असं लिहिलेलं असतं. नवीन पोरं लाल रंग बघितला की चॅट बंद करून टाकतात, असं करू नका, ती ओळ वाचा, त्या बाणाच्या अलीकडचा शब्दच चुकलेला असतो.

चीट्स चालू करण्याआधी

वेळ बदलणे, उडणे, वस्तू मिळवणे असल्या कमांडसाठी वर्ल्डमध्ये चीट्स चालू असावे लागतात आणि तुमच्याकडे ऑपरेटरची परवानगी असावी लागते. बेडरॉकमध्ये वर्ल्डच्या सेटिंगमध्ये चीट्सचं बटण आहे, आणि पाहुण्यांना परवानगी द्यायची असेल तर गेम थांबवून त्याच्या नावाशेजारचं चिन्ह दाबायचं, तिथे व्हिजिटर, मेंबर, ऑपरेटर असे पर्याय येतात. जावामध्ये वर्ल्ड बनवतानाच अलाऊ कमांड्स चालू करायचं, आणि राहून गेलं असेल तर वर्ल्ड लॅनला, म्हणजे घरच्या नेटवर्कवरच्या इतरांसाठी, उघडताना तिथेही तो पर्याय मिळतो, फक्त तो त्या बैठकीपुरताच राहतो.

पण थांबा. बेडरॉकमध्ये एकदा चीट्स चालू केले की त्या वर्ल्डमध्ये अचिव्हमेंट, म्हणजे ठरावीक गोष्टी केल्यावर मिळणारी बक्षिसं, मिळणं कायमचं बंद होतं, नंतर चीट्स बंद केले तरी ते परत येत नाही. ज्याला अचिव्हमेंट गोळा करायचेत त्याने ते वर्ल्ड तसंच ठेवावं आणि त्याची कॉपी करून कॉपीवर प्रयोग करावेत. बेडरॉकमध्ये वर्ल्डच्या नावाशेजारच्या पेन्सिलवर गेलात की खाली कॉपी वर्ल्ड मिळतं, जावामध्ये एडिटमध्ये मेक बॅकअप मिळतं. एका मिनिटाचं काम आहे. ते का करायचं ते आमच्यावर जे बेतलं त्यावरून सांगतो, थोडं पुढे.

पहिल्या दिवशी शिकायच्या कमांड

स्लॅश टाइम सेट डे, सकाळ होते. नाइट लिहिलं की रात्र. गेममधला पूर्ण दिवस आपल्या २० मिनिटांचा असतो आणि गेम तो २४,००० टिकांमध्ये मोजतो, त्यामुळे शब्दाऐवजी आकडा पण देता येतो, ६००० म्हणजे भर दुपार, १८००० म्हणजे मध्यरात्र. स्लॅश वेदर क्लिअर, पाऊस थांबतो. स्लॅश गेममोड क्रिएटिव्ह, मग उडता येतं आणि सगळे ठोकळे फुकट, परत सर्व्हायव्हल लिहिलं की पूर्ववत. या तीन-चार तर पोरं पहिल्या तासातच पाठ करतात, त्यावर जास्त बोलत नाही.

स्लॅश गेमरूल मात्र नीट समजून घ्या कारण तो सगळ्यांना लागू होतो. कीप इन्व्हेंटरी ट्रू केलं की मेल्यावर सामान जात नाही, लहान मुलं खेळत असतील तर हे चालू ठेवाच, नाहीतर लाव्हात पडून हिरे गेले की रडारड होते आणि खेळ तिथेच संपतो. मॉब म्हणजे गेममधले प्राणी, राक्षस वगैरे. मॉब ग्रीफिंग फॉल्स केलं की क्रीपर हा स्फोट होणारा राक्षस फुटला तरी घराची भिंत पडत नाही. पण याची दुसरी बाजू कोणी सांगत नाही, त्याच नियमाने बेडरॉकमध्ये मेंढ्या गवत खात नाहीत म्हणून कातरलेली लोकर परत येत नाही, आणि गावकरी शेतातलं पीक काढत नाहीत. आमच्या आतेबहिणीच्या मेंढ्या दोन दिवस उघड्याच फिरत होत्या, मग कळलं. या नियमांचं स्पेलिंग व्हर्जनप्रमाणे थोडं बदलतं, कुठे मधलं अक्षर कॅपिटल असतं तर कुठे अंडरस्कोर, म्हणून गेम सुचवेल तेच घ्या.

स्लॅश लोकेट स्ट्रक्चर व्हिलेज टाकलं की जवळचं गाव कुठे आहे ते बेडरॉकमध्ये आकड्यांत कळतं. त्यात उंची तो सांगत नाही, त्यामुळे स्लॅश टीपीने, म्हणजे दिलेल्या आकड्यांच्या जागी थेट नेणाऱ्या कमांडने, तिथे जायचं असेल तर आधी क्रिएटिव्ह करा आणि उंचीच्या जागी १२० वगैरे टाका, नाहीतर डोंगराच्या पोटात जाऊन अडकाल. आकड्यांचा क्रम असा, पहिला पूर्व-पश्चिम, मधला उंची, तिसरा उत्तर-दक्षिण. समुद्राची पातळी ६३ च्या आसपास असते, जगाचा तळ उणे ६४ वर आणि छत ३२० वर. बेडरॉकमध्ये शो कोऑर्डिनेट्स चालू केलं की हे आकडे कायम कोपऱ्यात दिसतात, आणि त्याने अचिव्हमेंट जात नाहीत, ते बिनधास्त चालू करा.

आणि तो नागमोडी डॅश, ~ असा, त्याचा अर्थ मी जिथे उभा आहे तिथून. तीन नागमोडी डॅश म्हणजे माझ्याच जागी, आणि मधल्या डॅशला चिकटून १० लिहिलं तर माझ्यापासून दहा ठोकळे वर. हे एकदा कळलं की आकडे बघत बसायची गरजच राहत नाही.

स्लॅश फिल ही आमच्या घरातली सगळ्यात लाडकी. दोन कोपरे द्यायचे आणि ठोकळ्याचं नाव, मधली जागा भरून जाते. एका वेळी ३२,७६८ ठोकळे भरता येतात, म्हणजे ३२ लांब, ३२ रुंद, ३२ उंच, बरोबर तेवढे. आम्ही दोन वर्षं झाली आपलं तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर बांधतोय, शेजारी भुईकोट किल्ला, तटबंदी, बुरूज, आणि ते सगळं तळं आम्ही फिलनेच तुकड्या-तुकड्याने भरलं. पण लक्षात ठेवा, फिल आत काय होतं ते बघत नाही, त्या चौकटीत तुमचं घर असलं तर घर जाऊन पाणीच येणार.

ॲट चिन्ह, आणि आमची मिरवणूक कशी गेली

नावाच्या जागी ॲटचं चिन्ह आणि एक छोटं अक्षर टाकता येतं. @ ला जोडून एस म्हणजे मी स्वतः, पी म्हणजे सगळ्यात जवळचा खेळाडू, ए म्हणजे सगळे खेळाडू, आर म्हणजे त्यातला कुठलाही एक, आणि ई म्हणजे जगातली हालचाल करू शकणारी, ठोकळा नसलेली प्रत्येक गोष्ट. हा ई सगळ्यात घातक आहे.

मागच्या जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्टीत आम्ही गेममधल्या मंदिरासमोर नंदीध्वजांची, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्यांची, मिरवणूक उभी केली होती. सात नंदीध्वज, त्यासाठी कुंपणाचे उंच खांब आणि टोकाला बॅनर, आणि ते धरायला आर्मर स्टँड, म्हणजे चिलखत अडकवायचे पुतळे. खऱ्या मिरवणुकीत पांढरी बाराबंदी असते म्हणून प्रत्येक स्टँडला चामड्याचं चिलखत पांढरं रंगवून घातलेलं, एकेकाला कढईतल्या रंगाच्या पाण्यात बुडवून, हे काम माझ्या आतेबहिणीने चार संध्याकाळी बसून केलं होतं. एका रात्री वर्ल्डमध्ये झॉम्बी लई झाले, तर एका मित्राने ते साफ करायला स्लॅश किल आणि पुढे ॲट ई टाकलं. झॉम्बी गेले, सोबत आम्ही सगळे मेलो, गावकरी गेले, तिचं मांजर गेलं, आणि बाराबंदीतले सगळे स्टँड गेले. मोकळे खांब तेवढे उभे राहिले. चॅटमध्ये कोण कोण मेलं त्याची लांबलचक ओळ आली, आणि हॉलमध्ये कोणी काही बोलेना. शेवटची कॉपी अकरा दिवस जुनी होती, मिरवणुकीच्या आधीची.

म्हणून सांगतो, फक्त झॉम्बी मारायचे असतील तर ई च्या पुढे मोकळी जागा न सोडता चौकोनी कंस उघडायचा, त्यात टाइप, बरोबरचं चिन्ह, झॉम्बी, आणि कंस बंद. त्याहून सोपं म्हणजे स्लॅश डिफिकल्टी पीसफुल टाका, अंगावर येणारे मॉब सगळे आपोआप गायब होतात, मग परत इझी करा. पाळीव प्राण्यांना आणि स्टँडना काही होत नाही. आणि स्लॅश किल नुसतं, पुढे काही न लिहिता एंटर केलं तर तुम्ही स्वतःच मरता, हे पण नवीन माणसाला माहीत असावं. आमच्याकडे आता नियम आहे, ऑपरेटर दोघंच, आणि रोज खेळ थांबवताना कॉपी.

नावं देऊन होणाऱ्या गमती

आता खरी मजा. हा गेम स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या मोजांग कंपनीत बनतो, २००९ मध्ये लोकांसमोर आला आणि १.० व्हर्जन १८ नोव्हेंबर २०११ ला निघालं. तो बनवणाऱ्या माणसांनी स्वतःची नावं आत लपवून ठेवलीत, आणि ती नावं प्राण्याला दिली की काहीतरी घडतं.

लागतं काय, तर नेम टॅग आणि अॅन्व्हिल म्हणजे ऐरण. नेम टॅग जुन्या खाणींतल्या आणि अंधारकोठड्यांतल्या पेट्यांत सापडतो, मासे धरताना पण कधी कधी गळाला लागतो. ऐरणीला तीन लोखंडाचे ठोकळे आणि चार विटा, म्हणजे एकूण ३१ विटा लोखंड. ऐरणीत टॅग ठेवायचा, वर नाव लिहायचं, एक लेव्हल खर्च होते, आणि मग टॅग हातात घेऊन प्राण्यावर टॅप करायचं.

डिनरबोन, स्पेलिंग डी-आय-एन-एन-ई-आर-बी-ओ-एन-ई, फक्त पहिलं अक्षर कॅपिटल. हे नाव दिलं की प्राणी उलटा होतो, पाय वर डोकं खाली, आणि तसाच चालतो. ग्रम लिहिलं तरी तेच होतं, जी-आर-यू-एम-एम, इथेही पहिलं कॅपिटल. ही दोन्ही मोजांगमध्ये काम केलेल्या डेव्हलपरांची टोपणनावं आहेत. गाय, कोंबडी, गावकरी, कुठल्याही मॉबवर चालतं, आमच्या किल्ल्याच्या दारात एक उलटा घोडा उभा आहे.

जेब, जे-ई-बी आणि शेवटी अंडरस्कोर, सगळी अक्षरं लहान. हे फक्त मेंढीसाठी. मेंढीची लोकर एकामागून एक रंग बदलत राहते, थांबतच नाही. जेब म्हणजे येन्स बर्गेनस्टेन, बरीच वर्षं गेमचा मुख्य डिझायनर होता तो, हे त्याचं खेळातलं नाव. पण कातरल्यावर लोकर तिच्या मूळ रंगाचीच मिळते, सप्तरंगी लोकर मिळेल म्हणून बसू नका.

इथेच मोबाईलवाल्यांची सगळ्यात मोठी अडचण. धाकट्या मावसभावाने तीन टॅग वाया घालवले, मेंढी काही बदलेना, रडकुंडीला आला. मी त्याचा मोबाईल हातात घेऊन बघितलं तर कीबोर्ड पहिलं अक्षर स्वतःहून मोठं करत होता, जे लहान पाहिजे तिथे कॅपिटल, आणि एकदा तर सुचवलेला शब्द निवडल्यामुळे शेवटी एक मोकळी जागा आली होती जी डोळ्याला दिसत पण नाही. ते अक्षर लहान केलं, जागा पुसली, आणि मेंढी लाल, मग पिवळी, मग हिरवी. त्याचा चेहरा बघायला पाहिजे होता तेव्हा. तर टॅग ऐरणीतून बाहेर काढायच्या आधी स्पेलिंग, लहान-मोठी अक्षरं आणि शेवटची जागा तीनदा तपासा. चीट्स चालू असतील तर बेडरॉकमध्ये टॅगची पण गरज नाही, स्लॅश समन शीप आणि पुढे ते नाव टाकलं की तसली मेंढी थेट समोर येते.

सशाला टोस्ट नाव द्या, टी कॅपिटल, त्याची कातडी काळी-पांढरी होते. ही गंमत नाहीये खरं तर, एका खेळाडूच्या मैत्रिणीचा हरवलेला ससा होता, त्याची आठवण म्हणून डेव्हलपरने तो गेममध्ये ठेवला. मला सगळ्यांत आवडतं ते हेच, करोडो लोक खेळतात त्या गेममध्ये कोणाच्या तरी घरातला एक ससा अजून उड्या मारतोय.

जॉनी मात्र जपून. विंडिकेटर नावाचा कुऱ्हाडवाला मॉब असतो, त्याला हे नाव दिलं की तो समोर येईल त्या जवळपास प्रत्येक मॉबला मारत सुटतो. गावाच्या किंवा गोठ्याच्या जवळ हा प्रयोग अजिबात करू नका.

वीज, पोपट आणि रंगीत चॅट

स्लॅश समन लाइटनिंग अंडरस्कोर बोल्ट, जिथे उभे आहात तिथे वीज पडते, म्हणून जागा जरा लांबची द्या. वीज डुकरावर पडली तर त्याचा झॉम्बिफाइड पिगलिन होतो, गावकऱ्यावर पडली तर चेटकीण, क्रीपरवर पडली तर तो निळसर चमकायला लागतो आणि फुटला तर दुप्पट नुकसान, आणि मशरूमवाली लाल गाय तपकिरी होते. कासव विजेने मेलं तर त्यातून लाकडी वाडगा पडतो, हे तर जुन्या खेळाडूंना पण माहीत नसतं.

ज्यूकबॉक्समध्ये तबकडी लावून जवळ पोपट असला तर तो नाचतो, मान हलवून हलवून. फक्त त्याला बिस्कीट देऊ नका. पोपट पहिल्यांदा गेममध्ये आले तेव्हा बिस्किटानेच पाळीव व्हायचे, पण चॉकलेट खऱ्या पक्ष्यांना विष असतं आणि मुलं घरच्या पोपटाला तेच देतील हे लोकांनी लक्षात आणून दिलं, मग डेव्हलपरांनी ते बदललं, आता बिस्कीट दिलं की पोपट मरतो. बियाच द्यायच्या.

बेडरॉकमध्ये चॅट रंगीत करता येतं. त्यासाठी § हे चिन्ह लागतं, त्याला चिकटून सी लिहिलं की पुढचं सगळं लाल, ए लिहिलं की हिरवं, ६ लिहिलं की सोनेरी, एल लिहिलं की ठळक, के लिहिलं की अक्षरं भिरभिर बदलत राहतात आणि कोणालाच वाचता येत नाहीत, आणि आर लिहिलं की परत साधं. आयफोनवर & दाबून धरलं की हे चिन्ह मिळतं, विंडोजवर ऑल्ट धरून नंबरपॅडवर ०१६७. जावाच्या चॅटमध्ये हे चालत नाही.

लॅपटॉपवर जावा असेल तर

जावामध्ये अजून बऱ्याच लपलेल्या गोष्टी आहेत, मला आवडणाऱ्या तेवढ्याच सांगतो. भाषेच्या यादीत खाली जाऊन बघा, तिथे उलटी इंग्रजी आहे, खरोखर सगळी अक्षरं डोक्यावर उभी, आणि समुद्री चाच्यांची इंग्रजी पण आहे. स्पेक्टेटर मोडमध्ये, म्हणजे नुसतं बघत फिरायच्या मोडमध्ये, जाऊन एखाद्या मॉबवर क्लिक केलं की त्याच्या डोळ्यांनी जग दिसतं, क्रीपरला सगळं हिरवट, कोळ्याला एकाच गोष्टीच्या अनेक प्रतिमा, एंडरमॅनला रंग उलटे. एफ ३ धरून बी दाबलं की प्रत्येक मॉबभोवती चौकट दिसते, जी दाबलं की जगाचे १६ बाय १६ चे तुकडे कुठे सुरू होतात ते. अशा जोडबटणांची यादी हवी तर एफ ३ धरून क्यू. बऱ्याच लॅपटॉपवर सोबत एफएन पण धरावं लागतं.

जादूच्या टेबलावर जी अगम्य लिपी दिसते ती खरी वाचता येते, कमांडर कीन नावाच्या जुन्या गेममधून घेतलेली अक्षरं आहेत, पण शब्द नुसते यादीतून कुठलेही येतात, कुठली जादू मिळणार त्याच्याशी काही संबंध नाही, म्हणून ते उलगडत बसू नका. घास्ट नावाच्या उडत्या राक्षसाचा तो केविलवाणा आवाज गेमचा संगीतकार सी४१८ याच्या मांजराचा आहे. आणि गेम उघडताना वरचं नाव नीट बघत जा, दहा हजारात एकदा अक्षरं बदलून माइनक्राफ्टऐवजी मिन्सराफ्ट येतं. मला आजपर्यंत एकदाच दिसलं, स्क्रीनशॉट काढेपर्यंत हात थरथरत होता.

अनोळखी सर्व्हरवर जाताना

मोठ्या सर्व्हरवर मालकाने प्लगइन, म्हणजे गेमला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, टाकलेले असतात, तिथे स्लॅश स्पॉन, स्लॅश सेटहोम, स्लॅश होम, स्लॅश टीपीए आणि मित्राचं नाव अशा वेगळ्या कमांड चालतात. त्या गेमच्या नाहीत, त्या सर्व्हरच्या आहेत, दुसरीकडे चालतीलच असं नाही. आत गेल्या गेल्या स्लॅश हेल्प करा.

काही सर्व्हरवर आल्यावर स्लॅश लॉगिन आणि पुढे पासवर्ड टाकायला लावतात. आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधल्या एकाने घाईत स्लॅशच टाकला नाही, आणि त्याचा पासवर्ड चाळीसेक लोकांसमोर साध्या मेसेजसारखा आला. तोच पासवर्ड त्याच्या मेलला पण होता. दहा मिनिटांत त्याची गेममधली सामानाची पेटी रिकामी झाली, मेलचा पासवर्ड त्याने धावत जाऊन बदलला म्हणून पुढचं वाचलं. अशा ठिकाणी दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड ठेवा, आणि एंटर दाबायच्या आधी ओळीचं पहिलं अक्षर बघा.

कोणी म्हणालं "ऑल्ट एफ ४ दाब, हिरे मिळतात", तर त्याने गेम बंद होतो. कोणी म्हणालं "एफ ३ आणि सी दहा सेकंद धर", तर गेम मुद्दाम क्रॅश होतो, ती डेव्हलपरांची टेस्ट आहे. कोणी हिरोब्राइनला बोलवायची कमांड विकत देतो म्हणालं तर पैसे देऊ नका, पांढऱ्या डोळ्यांचा तो माणूस गेममध्ये कधी नव्हताच, अपडेटच्या यादीत मोजांगवाले "हिरोब्राइन काढून टाकला" असं गमतीने लिहीत आले एवढंच.

तारखा लक्षात ठेवा

जावामध्ये २४ ते २६ डिसेंबरला सगळ्या पेट्या भेटवस्तूच्या खोक्यासारख्या दिसतात, आणि ३१ ऑक्टोबरला काही झॉम्बी आणि सांगाडे डोक्यावर भोपळा घालून येतात. गेम कॉम्प्युटरची तारीख बघतो, त्यामुळे तारीख बदलून मे महिन्यात पण बघता येतं, बघून झाल्यावर तारीख परत बरोबर करा, नाहीतर ब्राउझर साइट उघडायला कुरकुर करतो.

आमची मिरवणूक परत उभी राहिली, या मे महिन्यातच, यावेळी बाराबंदी रंगवायला सगळे बसलो होतो. सातव्या नंदीध्वजाच्या मागे ती सप्तरंगी मेंढी बांधून ठेवलीये, आतेबहिणीच्या सांगण्यावरून.